पिशवी एकदा उघडून बघा, साहेब

प्रति,
आमच्या भागातल्या प्राथमिक शाळा ज्यांच्या अखत्यारीत येतात ते अधिकारी महोदय
आणि मूल दाखल करून घेण्याआधी त्याच्या हातात पेपर देणारे सर्व मुख्याध्यापक

विषय : घरी शिकलेल्या मुलीचं शिक्षण लेखी पेपरशिवाय पाहण्याबाबत

सन्माननीय साहेब,

आपलं, आपल्या कार्यालयाचं किंवा त्या शाळेचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण माणसांचं होतं आणि मुद्दा बाजूला पडतो. आपल्याला ओळख पटेलच. जूनमध्ये दोन कापडी पिशव्या घेऊन आपल्यासमोर उभी राहिलेली बाई ती मी. सोबत दहा वर्षांची मुलगी होती, तिच्या हातात एक लांब फळी होती आणि फळीवर तार ताणलेली होती. शिपाईदादांनी ती फळी दाराबाहेर ठेवायला लावली.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते. लेक दुसरीपर्यंत शाळेत होती. तिच्या वर्गात दर शनिवारी चाचणी असायची. शुक्रवारी रात्री तिला जेवण जायचं नाही आणि शनिवारी पहाटे ठरलेली उलटी. डॉक्टर झाले, दृष्ट काढून झाली, बाईंना भेटून झालं. शेवटी तिसरीला शाळेत पाठवलंच नाही. त्यानंतर दोन वर्षं ती घरी शिकली. आठवड्याचे तीन दिवस मिरजेत माझ्या वडिलांकडं, उरलेले दिवस सासूबाईंजवळ, आणि संध्याकाळी मी. आता तिलाच शाळेत जायचंय. तिला कबड्डी खेळायला सात जणी हव्यात आणि घरात आम्ही चारच आहोत. शिवाय माझं इंग्रजी जिथं संपतं तिथवर ती येऊन पोचलीय. म्हणून पाचवीत दाखला मागितला.

शाळेनं आधी चौथीचा पेपर घेतला. साठ मार्कांचा, दोन तासांचा. तिला एकोणीस मिळाले. 'तिसरीत बसवा, फार तर चौथीत,' असं सांगण्यात आलं. तिच्यासमोरच. आपल्याकडं दाद मागायला आले तेव्हा मी पिशव्या टेबलावर ठेवायला गेले, तर आपण म्हणालात, "इथं जागा नाही बाई, मार्क किती ते सांगा." टेबलावर खरंच जागा नव्हती, ते मी नाकारत नाही. पण त्या पिशव्यांत काय होतं हे आपण पाहिलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर सांगते.

सगळ्यात वर एक जाड रजिस्टर होतं, अडतीवरचंच, मागची पानं कोरी राहिलेलं. त्यात दोन पावसाळ्यांच्या कृष्णेच्या पातळीच्या नोंदी आहेत. आयर्विन पुलाजवळचं पाणी किती फुटांवर आहे हे सांगलीत पावसाळ्यात पोराटोरांनाही पाठ असतं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा लेक चार वर्षांची होती. आमच्या खालच्या खोलीतली कपाटं तरंगलेली तिला आठवतात. तिनं पाण्याचा अभ्यास घेतला तो कुतूहलापेक्षा भीतीपोटीच. रोज संध्याकाळी पातळी, शेजारी कोयनेतून आणि वारणेतून किती क्युसेक पाणी सोडलं तो आकडा, त्याच्या शेजारी पाऊस. त्याचा आलेख, निळ्या आणि लाल रेघेत. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत किती तासांनी दिसतं हे तिला शोधायचं होतं. उत्तर दर वेळी वेगळं यायला लागलं. पहिल्यांदा ती रडली, आपलंच चुकतंय म्हणून. मग तिनं पानाच्या तळाशी लिहिलं, 'नदी आधीच भरलेली असली की पाणी लवकर येतं काय? वारणेचं पाणी मधे मिळतं ते वेगळं कसं काढायचं?' हे दोन प्रश्न कुणी तिला घातलेले नाहीत. त्या पानावर खाडाखोड आहे, एक आकडा चुकलाय आणि तो पुढच्या पानावर तिनंच दुरुस्त केलाय. मला त्या रजिस्टरमधलं तेच पान सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता ती फळी. माझ्या वडिलांनी मिरजेत सगळा जन्म सतारीच्या कामात काढला. जवारी काढण्यात, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती घोडी घासून तारेचा नाद खुलवण्यात, त्यांचा हात आहे. मोडलेल्या सतारीची घोडी आणि खुंटी घेऊन त्यांनी नातीला एका फळीवर तार बसवून दिली, दोन टोकांमध्ये बरोबर 90 सेंटिमीटर. मग तिला कामाला लावलं. अर्ध्यावर, म्हणजे 45 वर बोट ठेव, वरचा सा वाजतो. घोडीपासून 60 सेंटिमीटर तार मोकळी ठेव, म्हणजे दोन-तृतीयांश, पंचम येतो. तीन-चतुर्थांश, साडेसदुसष्ट, तिथं मध्यम. तिनं प्रत्येक जागी कागदाची पट्टी चिकटवली, सूर लिहिला, अपूर्णांक लिहिला. पंचम थोडा चढा लागतो म्हणून ती आजोबांशी दोन दिवस भांडली. तार दाबली की ताणली जाते, ताणली की सूर चढतो, हे त्यांनी सांगितलं. मग तिनं तार कमी उंच करून पुन्हा पाहिलं. विज्ञान म्हणा, गणित म्हणा, गाणं म्हणा.

आणि पेपरात काय झालं ते ऐका. प्रश्न होता, तीन-चतुर्थांश आणि दोन-तृतीयांश यांपैकी मोठा कोणता, कारण लिहा. तिनं लिहिलं, 'तीन-चतुर्थांश मोठा. कारण तिथं तार जास्त लांब राहते म्हणून सूर खाली लागतो. मध्यम पंचमाच्या खाली असतो.' उत्तर बरोबर आहे, साहेब. कारणही बरोबर आहे. त्यावर लाल शाईनं प्रश्नचिन्ह आणि दोनपैकी शून्य. छेद समान करून दाखवला नाही म्हणून. तपासणाऱ्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर फळी नव्हतीच, ती दाराबाहेर होती. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे आपण सगळ्यांनी फोटो काढले. त्याच सतारीवर अपूर्णांक शिकलेल्या पोरीला पाचवीच्या दारातून परत यावं लागलं.

पिशवीत अजून बरंच होतं. सासूबाईंकडून ऐकून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, न कळलेल्या शब्दांच्या अर्थासकट. ओली हळद शिजवून वाळवली की वजन किती राहतं याचा हिशेब. आमच्या गल्लीचा नकाशा, ज्यात पूर आला तर कुठून बाहेर पडायचं ते बाणांनी दाखवलंय. आणि 'मला अजून येत नाही' असं नाव दिलेली एक पातळ वही. ती वही मी मुद्दाम सगळ्यात खाली ठेवली होती. त्यात तिच्याच अक्षरात आहे : दोन अंकी संख्येनं भागाकार, इंग्रजी स्पेलिंग, घाईत लिहिताना वेलांटी चुकते, मोठ्या माणसांसमोर बोलायला भीती वाटते.

अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायची आमची हौस नाही. पोरगी फार हुशार आहे, तिला वेगळी वागणूक द्या, असं मी म्हणत नाहीये. ती साधारण मुलगी आहे. तिला काय येतं हे तिला विचारा, एवढंच मागणं आहे.

आता तक्रारी.

पहिली ही की पेपर घ्यायचाच नव्हता. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अमलात 1 एप्रिल 2010 पासून. त्याचं कलम 4 सांगतं की सहा वर्षांवरच्या, शाळेत नसलेल्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि इतरांच्या बरोबरीला यावं म्हणून त्याला विशेष प्रशिक्षण द्यायचं, ठरावीक मुदतीत. कलम 13 प्रवेशासाठी कुठलीही छाननी करायला मनाई करतं. दहा वर्षांच्या मुलीला मार्कांवरून तिसरीत ढकलणं यात कुठं बसतं ते मला लेखी हवं होतं. शाळेनं लेखी दिलं नाही, आपणही दिलं नाही. "तोंडी सांगितलंय की," एवढंच ऐकायला मिळालं. अडतीवर दहा किलोचं पोतं परत करायचं तरी आम्ही चिठ्ठी देतो.

घरी शिकवण्याबद्दल याच कायद्याचं कलम 10 पालकांना मूल शाळेत घालण्याचं कर्तव्य सांगतं, हेही मी वाचलंय. कायद्यात घरशाळेला नाव नाही, जागा नाही. त्यामुळं आम्ही थोडे चुकारच ठरतो, तो ठपका मी घेते. पण ठपका माझा, मुलीचा नाही. आणि आता मी तेच कर्तव्य पार पाडायला दारात उभी आहे, तर दार उघडायला हवं.

दुसरी तक्रार मला जास्त बोचते, कारण ती आपल्याच कागदाविषयी आहे. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे मूल शिकत असतानाच ते पारखण्याची, आठ साधनं दिलीत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर, ज्यात स्वयंमूल्यमापनही येतं. मोजून पाहा, लेखी चाचणी आठातली एक आहे. उरलेली सात आमच्या पिशवीत होती. नदीचं रजिस्टर निरीक्षणात बसतं, फळी प्रात्यक्षिकात, ओव्या प्रकल्पात आणि 'मला अजून येत नाही' ही वही स्वयंमूल्यमापनात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही समग्र प्रगतिपत्रकाची भाषा आहे, मुलानं स्वतःचं आणि सोबत्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करण्याची. मी काही परदेशातलं नवं खूळ आपल्या गळ्यात मारत नाहीये. आपण शिक्षकांना वर्णनात्मक नोंदी लिहायला लावता, वर्षाला शेकड्यानं. त्यातली एक माझ्या मुलीसाठी लिहा.

तिसरी, 'शाळाबाह्य' हा शब्द. सर्वेक्षणाला आलेल्या माणसानं दारातूनच तो लिहिला आणि तो गेला. घरात काय चाललंय ते त्यानं विचारलं नाही. त्याच्या फॉर्मवर तसा रकानाच नसावा.

पेपर कसला मोजतो यावर मी फार लिहीत नाही, शिक्षकांना ते माझ्याहून जास्त माहीत आहे. दोन तासांत किती भरभर लिहिता येतं ते कळतं. पूर म्हणजे काय, तीन ओळींत लिहा, या प्रश्नाला माझ्या लेकीनं सव्वा पान लिहिलं आणि पुढचे चार प्रश्न राहिले. ती चूक तिचीच. वेळ बघून लिहायला तिला शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं.

आपण मला विचारलं होतं, आणि प्रश्न रास्त होता, की हे सगळं आईबापांनीच करून दिलं नाही कशावरून? उत्तर आमच्या यार्डात रोज मिळतं. सौद्याला हळद आली की खरेदीदार पोत्यावर काय लिहिलंय ते वाचत बसत नाही. आत हात घालतो, तळातलं हळकुंड काढतो आणि मोडून बघतो. आवाज कसा आला, आत रंग कसा आहे, पाव मिनिटात कळतं. तसंच करा. तिचं रजिस्टर उघडा, मधलंच पान काढा आणि विचारा, या दिवशी रेघ अशी वर का गेली? फळीवरची तार 80 सेंटिमीटरची केली तर पंचम कुठं लागेल? ओव्यांमधला एक शब्द धरा आणि त्याचं वाक्य करायला सांगा. वही आईनं लिहिलेली असेल तर दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडेल. पेपर पाठ करून घेता येतो, पण स्वतःच्या कामावर आलेला अनोळखी प्रश्न पाठ करता येत नाही. आणखी एक पारख सांगते. दुसरीतलं एखादं मूल तिच्यासमोर बसवा आणि तिला ते शिकवू द्या. मी घरी तेच करते. जिथं ती अडखळते तिथं तिचं स्वतःचं कच्चं असतं.

वेळ नाही म्हणाल तर हिशेब माझं कामच आहे. दोन तासांचा पेपर, त्याला बसलेल्या बाई, मग तपासणी. त्याऐवजी एका मुलाला चाळीस मिनिटं पुरतात.

दुसरी शंका आपण बोलून दाखवली नाहीत, मीच मांडते. 'घरी शिकतेय' या दोन शब्दांआड काहीही लपू शकतं. कामाला जुंपलेलं पोर लपू शकतं, लग्न ठरवून घरी बसवलेली मुलगी लपू शकते. म्हणून तर म्हणते, या आणि बघा. वर्षातून दोनदा बघा, न सांगता आलात तरी चहा मिळेल. साठ मार्कांच्या पेपरातून ते पोर सापडत नाही. त्याच्याशी बोलल्यावर आणि त्याचे हात बघितल्यावर सापडतं.

आणि हे फक्त माझ्या मुलीपुरतं नाही. दाखल्याच्या चकरा मारताना त्याच शाळेच्या व्हरांड्यात मला एक ऊसतोडीचं कुटुंब भेटलं, जतकडचं. हंगाम संपवून परत आलेलं. मुलगा अकराचा. त्यालाही पेपर दिला होता आणि त्यानं नाव लिहून कोरा परत दिला होता. बाहेर बसल्या-बसल्या त्यानं मला बैलगाडीत किती मोळ्या बसतात, एका मोळीचं वजन काय धरायचं आणि गाडी किती टनांची होते, ते तोंडी करून दाखवलं. मी कागदावर ताडून बघितलं, बरोबर आलं. मला निदान पत्र लिहिता येतं. त्या आईनं 'बरं' म्हटलं आणि पोराला घेऊन ती निघून गेली. चाचणीशिवायच्या सात साधनांची गरज माझ्या मुलीपेक्षा त्याला जास्त आहे, हे मला तिथं कळलं. त्याआधी मी फक्त माझंच रडगाणं घेऊन हिंडत होते, हे कबूल करते.

मागण्या अशा.

मुलीला वयाप्रमाणे पाचवीत घ्यावं, याच आठवड्यात. शाळा सुरू होऊन तीन आठवडे झालेत. तिचं कच्चं काय आहे त्याची यादी तिच्याच वहीत तयार आहे, विशेष प्रशिक्षण त्यावरून द्यावं. पाचवीच्या शेवटी आता वार्षिक परीक्षा असते, ती ती देईल. तिथं सूट मागत नाही.

शाळेत येऊ पाहणाऱ्या, मधेच सुटलेल्या किंवा घरी शिकलेल्या कुठल्याही मुलाचा वर्ग लेखी पेपरवरून ठरवू नये, असं आपल्या हाताखालच्या शाळांना लेखी कळवावं. तोंडी नको.

मुलाची पातळी जाणून घ्यायची गरज असेलच, तर केंद्रशाळेत जूनमध्ये आणि दिवाळीनंतर एकेक दिवस ठेवावा. मुलानं आपलं काम मांडावं, दोन शिक्षकांनी बघावं, प्रश्न विचारावेत, काही तिथंच करायला द्यावं. शेवटी वर्णनात्मक नोंद लिहून सही करावी आणि एक प्रत पालकांना द्यावी. ज्याच्याकडं वह्या नाहीत, पिशवी नाही, त्या मुलाला रिकाम्या हातानं येऊ द्यावं आणि त्याला काय करता येतं ते करून दाखवायला सांगावं. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'मूल घरी काय शिकतंय' एवढा एक रकाना वाढवावा.

आणि मुलासमोर त्याचे मार्क मोठ्यानं वाचू नयेत. याला शासन निर्णय लागत नाही.

परवा आयर्विन पुलाजवळ पाणी 17 फुटांवर होतं. लेक रोज लिहितेय. नवं रजिस्टर सुरू केलंय, पहिल्या पानावर 'इयत्ता' असं लिहून पुढची जागा तिनं मोकळी सोडलीय. मला अडतीवरून अर्ध्या दिवसाची रजा मिळते, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं. वार आपण कळवा. फळी आम्ही दोघी उचलून आणू. टेबल तेवढं रिकामं ठेवा.

आपली,
एक आई, सांगली